खरखरीत तळं

नेब्रास्कात आभाळ फार. जमिनीला पुरून उरतं.
आमच्या वाट्याला त्यातली एक फळी येते,
सहाव्या बराकीच्या खिडकीएवढी,
आणि वाऱ्याच्या दिवशी मक्याच्या कोठारांचा आंबूस वास.

ब्रेलच्या खोलीत मी गेलो तो हीटरसाठी.
जानेवारी होता,
आणि तिथे बसणाऱ्यांना कॉफी मिळते असं कळलं होतं.

एमेट शिकवायचा. एकतीस वर्षं आत.
त्याने पाटी दिली, टोच्या दिला,
म्हणाला, उजवीकडून डावीकडे लिही. उलटं.
कागदाच्या पाठीत टोचत जायचं,
पान पालटलं की दुसऱ्या अंगाला अक्षर उगवतं.
तुला काय दिसतं ते सोड,
पलीकडच्याच्या बोटाला काय लागतं ते बघ.
मी म्हटलं, कॉफी कुठंय?

चुकलेलं टिंब नखाने दाबून बसवता येतं.
डोळ्याला पान कोरं दिसतं.
बोटाला नाही. इथे काहीतरी होतं, हे बोटाला कळतं.
एमेट अशी पानं टराटरा फाडायचा
आणि पहिल्या ओळीपासून परत.

ड्वेन कोलारची गोष्ट
मी अकरा वर्षं एकाच वाक्यात सांगत आलो:
माझ्या हातून घडलं.
बिटाच्या कारखान्यामागचं पार्किंग, चाळीस डॉलर, बर्फ,
आधी त्याने ढकललं, मग माझ्या हातून घडलं.
काय सोयीचं वाक्य आहे.
हात आहे, घडणं आहे,
मी कुठेच नाही.
हात जणू कुणी त्या रात्रीपुरता उसना नेला होता.

तिसऱ्या वर्षी मला नकाशे दिले. चौथीचा भूगोल.
नदीला मेण लावलेला दोरा, रेल्वेला शिलाईची टीप,
टेकड्यांना पुठ्ठ्याचे थर.
तळ्याला मी सँडपेपर लावला,
कारण तो निळा होता.
हसा खुशाल.

सहा आठवड्यांनी शाळेकडून पाकीट आलं.
टिल्डा नावाची मुलगी, वय नऊ.
एमेटने डोळे मिटून वाचायला लावलं:
पान सत्तेचाळीस. तुमचं तळं खरखरीत आहे.
मी तळ्यात गेलेली आहे. तळं असं नसतं.

जेवणाच्या रांगेपर्यंत हसत होतो.
रात्रीच्या हजेरीनंतर पडून आठवत बसलो,
तळं कसं असतं.
निळं. एवढंच येई.
मग खूप मागून
वडिलांच्या ट्रकमधलं ओलं ब्लँकेट,
गुडघाभर पाणी, पायाखालून निसटणारा लोण्यासारखा चिखल,
आणि पाण्यावर बोटं नुसती टेकवली
की लागत नाही, आणि लागतं.
नऊ वर्षांच्या पोरीने बरोब्बर बोट ठेवलं होतं.

आणि उगाचच ड्वेनचा कोट आठवला.
जाड लोकर, कॉलरपाशी उसवून पुन्हा शिवलेली.
मी तो मुठीत धरला होता.
इतकी वर्षं तो फक्त दिसायचा, तपकिरी.
त्या रात्री हाताला लागला.

एप्रिलात पॅरोलच्या मंडळापुढे बसलो.
त्यांनी विचारलं, तेव्हा काय घडलं?
म्हटलं, घडलं नाही. मी केलं.
मागे कोलारबाई होत्या, पर्स मांडीवर घट्ट.
त्यांनी मान वर केली नाही. का करावी?
नामंजूर. दोन वर्षांनी या.
मला वाटलं होतं, खरं बोललं की दार किलकिलं तरी होतं.
तसं कुठे लिहिलेलं नाही.

खोलीत परतलो. एमेटने कॉफी ओतली, विचारलं काही नाही.
पान सत्तेचाळीस काढून अख्खं फाडलं.
या वेळी तळ्याला दुधाच्या खोक्याचं आतलं अस्तर,
काठाला चिमूटभर वाळू,
कारण काठ असतोच.

टिल्डाचं पत्र आलं नाही.
सप्टेंबर गेला, मका कापून झाला,
खिडकीतली फळी करडी झाली.
म्हणजे तळं बरं जमलं असावं.
किंवा ती पाचवीत गेली असेल.